हल्याळची तालीम, काळी नदी आणि नऊ वेळचा आमदार

नंदगड_नाका

मंडळी, राजकारणावर धागा काढणार नाही असा घरात शब्द दिलाय. तेव्हा हा कुस्तीवरचा धागा समजा. वाटेत राजकारणी भेटला तर माझा इलाज नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन दांडेलीला निघालो होतो. अंधारातच खानापूर सोडलं, नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबलो आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. चहाच्या गाड्यापाशी उभे असताना रस्त्यानं दहा-बारा पोरी पळत गेल्या. केस बारीक कापलेले, अंगात ट्रॅकसूट, एकीचा कान पैलवानासारखा मोडलेला. चहावाला म्हणाला, "कुस्तीच्या पोरी. रोजचंच आहे." माझी धाकटी नऊ वर्षांची. ती त्या गेल्या त्या दिशेला बघतच राहिली. मग म्हणाली, "पप्पा, पोरी पण कुस्ती खेळतात?"

मी हल्याळचं मैदान पहिल्यांदा बघितलं ते चुलत्याच्या खांद्यावर बसून. हलगी वाजायला लागली की चुलता खांदे हलवायचा आणि मी वरून पडायला व्हायचो. त्या गर्दीत एक बाईमाणूस दिसलं असेल तर शपथ. त्याच गावात आता पोरी रोज पहाटे पळतात आणि चहावाल्याला त्यात काही नवल वाटत नाही.

तर वाटेत भेटलेला राजकारणी म्हणजे इथले रघुनाथ विश्वनाथराव देशपांडे, म्हणजे आर. व्ही. देशपांडे. १९८३ साली जनता पक्षाकडून हल्याळचे आमदार झाले. रामकृष्ण हेगड्यांचा तो काळ, कर्नाटकात पहिल्यांदाच बिगरकाँग्रेसी सरकार आलेलं. जनता दलातून १९९९ च्या सुमारास काँग्रेसमध्ये. एस. एम. कृष्णांच्या सरकारात मोठे आणि मध्यम उद्योग. २०१३ ला सिद्धरामय्यांनी उच्च शिक्षण आणि पर्यटन दिलं. २०१८ ला कुमारस्वामींच्या आघाडीत महसूल. २०२३ ला पुन्हा निवडून आले, सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून हंगामी विधानसभाध्यक्ष झाले, नव्या आमदारांना शपथ दिली आणि मंत्रिमंडळाच्या यादीत मात्र नाव नव्हतं. नंतर प्रशासकीय सुधारणा आयोगाचं अध्यक्षपद मिळालं.

बेंगळूरची माणसं त्यांना उद्योगमंत्री म्हणून ओळखतात. हल्याळात मात्र वडिलांच्या नावाच्या ट्रस्टची कुस्तीची मैदानं, क्रीडा खात्याचं कुस्तीचं वसतिगृह आणि पलीकडं दांडेलीचं पर्यटन, एवढ्यावरच गप्पा सुरू होतात. चहावाल्यानं उद्योगाचं नावसुद्धा काढलं नाही.

माझ्या डोक्यात आलेलं असं की खेळ आणि पर्यटन ही कामं खात्यामुळं होत नसावीत. एका मतदारसंघात तोच माणूस चाळीस वर्षं ठाण मांडून बसला म्हणून झाली. आपल्या बेळगावला असा कोण मिळाला? सांगा बघू.

टिळकवाडीची_टवाळ

मिळाले की! दर वर्षी सरदार्स मैदानावर आमदार चषक भरतो, टेनिस बॉलचा. टी-शर्टवर पुढं फोटो, मागं फोटो, बाहीवर चिरंजीवांचा फोटो. बॅट्समनचं नाव लिहायला जागाच उरत नाही.

फाईल_मास्तर

नंदगड_नाका, सरळ रेषा काढलीत, एक खड्डा बुजवून. २००८ ला देशपांडे हल्याळमध्ये पडले होते. जनता दल (धर्मनिरपेक्ष)चे सुनील हेगडे निवडून आले. म्हणजे १९८३, ८५, ८९, ९४, ९९, २००४ असे सलग सहा विजय, मग हा पराभव, मग २०१३, १८, २३. पडल्यावरच त्यांना प्रदेश काँग्रेसचं अध्यक्ष केलं, २०१० पर्यंत होते. २०२३ चा विजयसुद्धा साडेतीन हजारांच्या आसपास मतांचा. समोर तेच हेगडे, आता भाजपचे, आणि तिसरे घोटणेकर, एके काळचे देशपांड्यांच्याच गोटातले मराठा नेते, जनता दल (धर्मनिरपेक्ष)कडून. "ठाण मांडून बसले" हे तितकंसं सोपं नव्हतं.

पण खात्याबद्दल तुमचं म्हणणं पटतं. कर्नाटकाचं पर्यटन खातं मोजून बघा. २०१३ ला देशपांडे. २०१६ ला प्रियांक खर्गे. २०१८ ला सा. रा. महेश. २०१९ ला सी. टी. रवी. २०२१ च्या जानेवारीत योगेश्वर, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आनंद सिंग. २०२३ ला एच. के. पाटील. दहा वर्षांत सात मंत्री. ह्यातल्या एकाला तरी गोकाकचा धबधबा पावसाळ्यात बघायला सवड मिळाली असेल का, शंका आहे. नव्या मंत्र्याला फाईल समजेपर्यंत पुढचा हार घेऊन दारात उभा. मी चौतीस वर्षं सरकारी टेबलावर बसलो, हार कुठल्या दुकानातून येतात तेही सांगू शकतो.

देशपांड्यांच्या तीन वर्षांत निदान कागद तरी झाला. मोहनदास पै यांच्या अध्यक्षतेखाली पर्यटनासाठी व्हिजन ग्रुप नेमला, त्याचा अहवाल २०१४ ला आला आणि त्यानंतर २०१५ ते २०२० चं पर्यटन धोरण. कागद म्हणजे काम नव्हे, मान्य. पण कागदाशिवाय आमच्या खात्यात शिपाई खुर्चीसुद्धा हलवत नाही.

कंग्राळीचा_वस्ताद

नंदगडकर, तुम्ही मोडलेला कान बघितलात म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर आपलं ह्या मोबाईलवर टायपिंग म्हणजे बोटांची कुस्ती.

माणसांना वाटतं कुस्तीला पुढारी म्हणजे मैदानात येऊन फेटा बांधून घेणारा. ते सोपं आहे. एका दिवसाचं मैदान, इनाम जाहीर केलं, पहिल्या जोडीला हात लावून दिला, फोटो झाला. आमच्या आनंदवाडीच्या आखाड्यात असे किती तरी येऊन गेले. मैदान संपलं की पैलवान एसटी स्टँडवर आणि पुढारी गाडीत.

पैलवान तयार होतो तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत. आणि त्याला लागतो खुराक. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, थंडाई. आमच्या पिढीत घरात दोन म्हशी असल्या आणि बाप हौशी असला तरच पोरगं तालमीत टिकायचं. शेत विकून पोराला पैलवान केलेली घरं मला कंग्राळीत, मुचंडीत, येळ्ळूरला माहीत आहेत. गरिबाचं पोर कितीही चपळ असो, सोळाव्या वर्षी गवंड्याच्या हाताखाली जायचं. म्हणून वसतिगृह ही गोष्ट मोठी. दोन वेळचं जेवण, खुराक, शाळा आणि कोच एका छपराखाली आला की गवंड्याचं पोर पण टिकतं. पोरींच्या बाबतीत तर शंभर टक्के. कुठला बाप पोरीला गावच्या तालमीत पहाटे चारला पाठवील? हॉस्टेलला पाठवतो, कारण तिथं वॉर्डन असते, दाराला कुलूप असतं.

दुसरी गोष्ट मातीची. आमची माती म्हणजे लाल माती, त्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर घालून खोऱ्यानं उकरून मऊ केलेली. तिच्यात वाढलेल्या पैलवानाची ताकद पायात. वेळेला बंधन नाही, निकाली कुस्ती, पाठ लागली की संपलं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण मोजायचे, वजनगट. मातीतला पोरगा मॅटवर गेला की पहिल्या मिनिटात पाय सटकतो, वाकून खेळायची सवय नसते आणि समोरचा पट काढून, म्हणजे पाय धरून पाडून, दोन गुण घेऊन मोकळा. पण रेल्वे, सैन्य, पोलिस, ही नोकरी खेळाडूंच्या कोट्यातून मिळते ती मॅटवरच्या पदकाला. मातीवर शंभर कुस्त्या मारल्या तरी त्याचं सर्टिफिकेट कोण देणार? हल्याळनं मॅट लवकर धरली. आमच्याकडच्या वस्तादांनी, त्यात मी पण आलो, मॅटला बरीच वर्षं "गादीवरचा खेळ" म्हणून हसण्यात घालवली. त्याचं खापर पुढाऱ्यावर कशाला फोडू?

पण एक सांगतो. देशपांड्यांमुळं हल्याळात कुस्ती आली असं कुणी लिहील तर ते खोटं. हल्याळात कुस्ती आधीच होती. मराठा घरं, किल्ला, तालीम, सगळं जुनं. शहाण्या पुढाऱ्यानं पेटती चूल बघून लाकूड घातलं. बरेच जण विझलेल्या चुलीवर भांडं ठेवतात आणि फोटो काढतात.

सीमाभाग_८६५

मराठी माणसाच्या गावात कुस्तीचं मैदान भरवलं की मतं मिळतात, एवढं साधं गणित आहे. आपण टाळ्या वाजवायच्या? हल्याळ, सुपा, कारवार हा महाराष्ट्रानं मागितलेल्या आपल्या ८६५ गावांच्या दाव्यातला भाग. २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात आहे. आणि इथं पर्यटनमंत्र्याचं कौतुक चाललंय.

नंदगड_नाका

८६५, दावा मला पाठ आहे, आजोबा मोर्चात लाठी खाऊन आलेत. पण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत पोरीनं पळायचं थांबायचं काय? आणि मतांसाठी केलं म्हणता तर बेळगावच्या पुढाऱ्यांना पण मतं हवीच असतात की. त्यांनी त्यासाठी काय केलं ते लिहा, मी त्याचंही कौतुक करतो. राजहंसगडाचं तेवढं काढू नका.

टिळकवाडीची_टवाळ

आता काढणारच! राजहंसगड, म्हणजे आपला येळ्ळूरगड. मार्च २०२३, निवडणूक तोंडावर. शिवाजी महाराजांचा पुतळा. २ तारखेला मुख्यमंत्री बोम्मईंनी अनावरण केलं. ५ तारखेला काँग्रेसवाल्यांनी पुन्हा अनावरण केलं. मग महाराष्ट्र एकीकरण समितीनं वेगळा दुग्धाभिषेक केला. एकाच महिन्यात महाराजांना तीन वेळा उभं राहून बघावं लागलं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, बिचाऱ्या घोड्यावरच्या माणसाला उतरायला तरी द्या. (पुतळा घोड्यावरचा नाही असं मी सांगितलं तर रागावल्या.)

खानापूरचा_रानगवा

गडावर आता पर्यटक भरपूर जातात, खरं आहे. पुतळ्यासोबत सेल्फी काढतात, भेळ खातात आणि खाली येतात. गडाखालच्या शेतकऱ्याला त्यातनं काय, तर बांधावर प्लास्टिक.

आक्का_शहापूर

मी एवढं लिहीत नाही इथं, पण हल्याळचा विषय निघाला म्हणून.

खेळासाठी आमच्या ह्या जंगलपट्टीत कुणी वेगळा विचार केला असेल तर तो त्याही आधी झाला होता. मार्गारेट आल्वा १९८५ ते ८९ केंद्रात युवक आणि क्रीडा खात्याच्या राज्यमंत्री होत्या. त्या वेळी भारतीय क्रीडा प्राधिकरणानं विशेष क्षेत्र योजनेत सिद्दी मुलांना निवडून प्रशिक्षणाला नेलं. सिद्दी म्हणजे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानातले, आफ्रिकी वंशाचे लोक, काही शतकांपासून इथलेच. त्यांच्यातले कोकणी-मराठी बोलणारे कितीतरी. कल्पना अशी की अंगकाठी आणि दम उपजतच आहे, ट्रॅकवर आणा, ऑलिम्पिकला नेऊ. १९८७ ला सुरू झालं. १९९३ च्या सुमारास बंद पडलं.

माझ्या वर्गात त्या योजनेतून परत आलेली एक मुलगी होती. नाव सांगत नाही. अडथळ्यांच्या शर्यतीत अशी धावायची की शिक्षक घड्याळ हलवून बघायचे. एक दिवस पत्र आलं, आता योजना नाही, घरी जा. शहरात वाढलेली, बूट घालून पळणारी पोर परत रानात गेली. लाकडं वेचायला. तिला पोलिस भरतीबद्दल कुणी सांगितलं नाही, फॉर्म कुणी भरून दिला नाही. सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो २००३ ला, तोवर तिचं वय निघून गेलं होतं.

म्हणून नंदगडकरांचं ते "चाळीस वर्षं" मला महत्त्वाचं वाटलं. आल्वाबाईंचा विचार धाडसी होता असं मी आजही म्हणते. त्या पुढं १९९९ ला आमच्या कारवारच्या खासदारही झाल्या. पण योजना दिल्लीची, माणसं दिल्लीची. खातं बदललं की त्या पोरांच्या मागं उभं राहायला इथं कुणीच नव्हतं.

कंग्राळीचा_वस्ताद

आक्का, वाचून गप्प झालो. हल्ली कुस्तीत सिद्दी पोरी चांगल्या येऊलायत. एकीची लढत मी बघितली, एकचाक डावावर समोरचीला अशी फिरवली की पंच खाली वाकून बघत राहिला.

काळीकाठ

जोयड्याहून लिहितोय. आमची म्हातारी माणसं अजून तालुक्याला सुपाच म्हणतात. सुपा गाव धरणाखाली गेलं, नाव तोंडात राहिलं.

तुम्ही सगळे कुस्तीवर, मी पर्यटनावर बोलतो. माझा धाकटा भाऊ गणेशगुडीला राफ्टवर आहे, माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देतो. तेव्हा मीठ खाल्लेल्या माणसाचं बोलणं म्हणून वाचा.

बेळगावहून येणाऱ्यांना वाटतं काळी नदी आपोआप उसळते. तसं नाही. सुपा धरण १९८७ चं, एकशे एक मीटर उंच. पायथ्याला वीजघर, पन्नास-पन्नास मेगावॅटचे दोन संच. संच फिरले की पाणी खाली सुटतं, नदी फुगते आणि राफ्ट चालते. संच बंद तर नदीत खडक मोजत बसा. म्हणजे आमच्या पोरांची मजुरी वीज मंडळाच्या वेळापत्रकावर. पावसाळ्यात सगळंच बंद. ज्या धरणानं बापाचं शेत घेतलं त्याच धरणाच्या पाण्यावर पोरगा मुंबईच्या पाहुण्यांना ओरडून सांगतो, "पॅडल फॉरवर्ड!" माझा बाप हे बघून हसतो की रडतो ते मला अजून कळलेलं नाही.

देशपांडे पर्यटनमंत्री झाले, जिल्ह्याचे पालकमंत्री पण तेच. रस्ते झाले, जाहिराती झाल्या, दांडेलीचं नाव बेंगळूर, पुण्यापर्यंत गेलं. दांडेली म्हणजे १९५५ पासून कागद कारखान्याचं गाव. फेरोमँगनीजचा कारखाना बंद पडलेला. पोरांना दुसरं होतंच काय? रिसॉर्टवर स्वयंपाकी, जीपचा ड्रायव्हर, पक्षी दाखवणारा गाईड. माझ्या ओळखीचा एक जण पूर्वी रानात चोरून लाकूड तोडायचा, आता धनेशाचं, म्हणजे हॉर्नबिलचं, घरटं दाखवून पैसे मिळवतो. फॉरेस्टवाल्यांना पण तो आता साहेब म्हणत नाही, नावानं हाक मारतो. २०१८ ला दांडेलीत पहिला हॉर्नबिल महोत्सव झाला तेव्हा तोच पुढं.

आता दुसरी बाजू. २००७ ला व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ ला त्याचं नाव काली केलं. नकाशात आतल्या गावांना रस्ता, दिवा, शाळा काही मागायचं तर "वाघ" हे उत्तर. आणि त्याच हद्दीला चिकटून बाहेरच्या माणसाचं वीस खोल्यांचं रिसॉर्ट उभं राहतं. मी दोन खोल्यांच्या परवान्यासाठी एका कार्यालयाचे सात हेलपाटे घातले. आठव्या वेळी तिथला माणूस म्हणाला, तुमच्या घराला कौलं आहेत, फॉर्ममध्ये स्लॅब लिहिलंय. पाहुणे कौलं बघायलाच येतात हो! शेवटी स्लॅब खोडलं.

रात्री अकराला स्पीकर लावणाऱ्यांबद्दल लिहीत नाही, नाहीतर धाग्याची भाषा बिघडेल.

फाईल_मास्तर

काळीकाठ, फॉर्ममधला तो "स्लॅब" शहराच्या फॉर्मवरून उतरवलेला असणार. आम्ही असंच करायचो. खेड्याचा फॉर्म वेगळा करायला कुणी सांगितलंच नव्हतं.

अळणावर_पॅसेंजर

रेल्वे कुणीच काढली नाही? अळणावर-दांडेली मार्गावर पॅसेंजर पुन्हा सुरू झाली ती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, आपले खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना. वर्षभरात करोनानं ते गेले. पर्यटनाचं श्रेय वाटायचं तर एक डबा त्यांच्या नावाला पण जोडा.

मंडोळी_रोड

सगळे हल्याळच्या मागं लागलाय, बेळगावच्या खेळाचं काय? १९२० ला अँटवर्पच्या ऑलिम्पिकला दोराबजी टाटांच्या पुढाकारानं भारतातून जो छोटा संघ गेला त्यात बेळगावचा फडेप्पा चौगुले होता. मॅरेथॉन, एकोणिसावा नंबर. शंभर वर्षांपूर्वी! १९६४ ला टोकियोत हॉकीचं सुवर्ण आलं त्या संघात बेळगावचे बंडू पाटील. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराशमध्ये कांस्य घेतलं ते तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं. ह्यांच्यापैकी कुणाच्या पाठीमागं आमदार होता? तुमचं "पुढारी असला की खेळ वाढतो" हे मला नाही पटत. माणसं स्वतःच्या हिमतीवर येतात.

नंदगड_नाका

मंडोळी, नावं बरोबर काढलीत आणि तिथंच माझं म्हणणं आहे. चौगुले १९२०, पाटील १९६४, जाधव २०१८. मधली वर्षं बघा. हिंमतीवर येणारा पन्नास वर्षांत एखादा येतो. तुरमुरीच्या पोरीसारखी आणखी किती असतील ज्यांना कोचच मिळाला नाही?

पण फाईल_मास्तर आणि वस्तादांनी माझी एक गोष्ट सुधारली. मी "एकच माणूस" म्हटलं होतं. २००८ ला तो माणूस पडला, तालमीला कुलूप लागलं नाही. आक्कांच्या मैत्रिणीच्या बाबतीत मंत्री गेली आणि सगळंच गेलं. फरक माणसात कमी आणि मागं काय उभं केलं त्यात जास्त. वसतिगृह सरकारी खात्याचं, मैदानं ट्रस्टची, हल्याळचं कॉलेज आपल्या बेळगावच्या कर्नाटक लॉ सोसायटीचं, कॅनरा बँकेबरोबरची स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था वेगळीच. म्हणजे चार वेगळ्या खुंट्या ठोकल्यात, एक निखळली तर बाकीच्या धरतात. हे हुशारीनं केलं की आपोआप झालं, मला ठाऊक नाही.

काळीकाठ, तुमच्या कौलाच्या खोलीत आम्ही पुढच्या वेळी उतरणार. स्पीकर आणणार नाही.

सीमाभाग_८६५

ट्रस्टला वडिलांचं नाव, कॉलेजला वडिलांचं नाव. मुलगा २०१४ ला लोकसभेला उभा राहून पडला तेव्हा खुंट्या कशासाठी होत्या ते कळलं.

टिळकवाडीची_टवाळ

८६५, ह्या एका वाक्याबद्दल तुला माझ्याकडून कुंदा. पण नाव कुणाचंही असो, दूध पोरीच पितात ना?

काळीकाठ

खुंटीचं बोलणं वस्तादांना पटेल, मला अर्धंच पटतं. कुस्तीला खुंट्या आहेत. राफ्टवरच्या माझ्या भावाला कुठली खुंटी? नोकरीचं पत्र नाही, पावसाळ्यात पगार नाही. हॉस्टेलच्या पोरीचं नाव सरकारच्या रजिस्टरात असतं. ह्याचं नाव फक्त लाईफ जॅकेटवर, ते पण स्केचपेननं. पर्यटनाला मंत्री भेटला, राफ्टवाल्याला अजून वस्ताद भेटायचाय.

आक्का_शहापूर

हे पटलं. कुठं तरी लिहून पाठवा हे, इथं नुसतं राहू नये.

फाईल_मास्तर

मसुदा मी करून देतो. प्रशासकीय सुधारणा आयोगालाच पाठवू, तिथं अध्यक्ष कोण झाले ते वर लिहिलंच आहे. कौलाचा किस्सा पहिल्या परिच्छेदात घ्या, आकडे नंतर. टेबलावरचा माणूस पहिलाच परिच्छेद वाचतो.

नंदगड_नाका

वस्ताद, एक खाजगी विचारायचं होतं, पण इथंच विचारतो. सहलीहून आल्यापासून धाकटी गादीवर भावाला पाडूलिया. काल त्याचा चष्मा मोडला. आठवड्यातनं दोन दिवस आमच्याकडनं कंग्राळीपर्यंत आणायची माझी तयारी आहे. बायको म्हणते, कान मोडला तर काय?

कंग्राळीचा_वस्ताद

कान मोडायला दहा वर्षं लागतात, सांगा वहिनींना. आणि हेडगिअर मिळतं हल्ली.

रविवारी साडेपाचला आणा. पोटात काही घालू नका, नंतर दूध आम्ही देतो. जुना ट्रॅकसूट चालतो, नखं कापून, कानातलं काढून. पहिला महिना नुसते जोर-बैठका आणि कोलांट्या, कुस्ती नाही. कंटाळली तर समजा हौस होती. आणि तुम्ही बाहेर थांबायचं, आत येऊन सूचना द्यायच्या नाहीत. मुलीच्या बापांचा मला फार त्रास आहे.